लाल डोळा: केव्हा थांबावे, केव्हा धावावे

(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी भरविलेल्या नेत्र-आरोग्य शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय सर्वांच्या परिचयाचा आहे. डोळा कधीच लाल झाला नाही असा मनुष्य या सभागृहात सापडणे कठीण. परंतु परिचय असणे निराळे आणि ओळख असणे निराळे. डोळा लाल झाला की आपल्या घरी निदान तयार असते: "डोळे आले आहेत, चार दिवसांत जातील." दहांपैकी बहुतेक वेळा हे निदान खरेही ठरते. आणि ते वारंवार खरे ठरते म्हणूनच, ज्या एका वेळी ते खोटे असते त्या वेळी आपण बेसावध राहतो. त्या एका वेळेची ओळख आपणांस पटावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

ताप हा स्वतः रोग नव्हे, रोगाचे चिन्ह आहे, हे आता खेड्यापाड्यांतही सर्वांना ठाऊक झाले आहे. साधे पडसेही ताप आणते आणि हिवतापही आणतो. डोळ्याची लाली अशीच आहे. ती केवळ सांगते की डोळ्यातील रक्तवाहिन्या फुगल्या आहेत. त्या कशामुळे फुगल्या, हे शोधावे लागते.

डोळे येण्याच्या साथी

"डोळे येणे" हा शब्द आपल्या मनात इतका रुजला, याला साथींचा इतिहास कारणीभूत आहे. १९६९ साली आफ्रिकेतील घाना देशात डोळ्यांत रक्त उतरविणारी एक नवी साथ उद्भवली. त्याच वर्षी अपोलो यान चंद्रावर उतरले होते, म्हणून तेथील लोकांनी या साथीला "अपोलो" हेच नाव दिले. १९७१ साली ती मुंबई व कोलकाता येथे पोहोचली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाचा तो काळ असल्याने कोलकात्यात तिचे नाव "जय बांगला" असे पडले. अगदी अलीकडे, २०२३ च्या पावसाळ्यात, महाराष्ट्रासह देशाच्या अनेक राज्यांत डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती.

या साथी विषाणूंमुळे येतात. पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतील बाजूस जे पातळ, ओलसर अस्तर असते त्यास सूज येते. डोळ्यांतून पाणी वाहते, वाळू गेल्यासारखे खुपते, सकाळी पापण्या चिकटतात, चिपडे येतात. बहुधा आधी एक डोळा येतो व एक-दोन दिवसांत दुसरा. मात्र चिपडे पुसल्यावर पूर्वीइतकेच स्पष्ट दिसते, ही खूण महत्त्वाची. असा आजार बहुतेकांना एक ते दोन आठवड्यांत सोडून जातो. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेल्या कापसाने डोळे पुसावेत, तो कापूस टाकून द्यावा, टॉवेल व उशी वेगळी ठेवावी आणि हात साबणाने धुवावेत. रुग्णाच्या डोळ्यांत नुसते पाहिल्याने डोळे येतात, हा समज खरा नाही. रोग पसरतो तो हातांनी, रुमालाने आणि एकमेकांच्या वस्तू वापरल्याने. काळा चष्मा रुग्णाला उजेडापासून आराम देतो, इतरांचे रक्षण करीत नाही.

तपासणी कशी करावी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. लाल डोळा समोर आला असता तो थांबण्यासारखा आहे की धावण्यासारखा, हे घरातील जाणत्या माणसाला, शिक्षकाला किंवा आरोग्यसेविकेला कसे ठरविता येईल? त्यासाठी यंत्र लागत नाही. दिवसाचा चांगला उजेड, स्वच्छ हात आणि पाच प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: दिसते कसे? चांगला डोळा तळहाताने झाकून लाल डोळ्याने तीन मीटर अंतरावरून बोटे मोजावयास सांगावे. नंतर हीच गोष्ट दुसऱ्या डोळ्याची करून दोहोंची तुलना करावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारल्यास उत्तर फसवे येते, कारण चांगला डोळा वाईट डोळ्याचे काम करून टाकतो.

दुसरा प्रश्न: दुखते का? खुपणे, खाजणे आणि दुखणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. खाज सुटत असेल तर बहुधा वावडे असते. आतून ठणका लागत असेल, झोपमोड होत असेल, तर ते डोळे येणे नव्हे.

तिसरा प्रश्न: उजेड सहन होतो का? मूल अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसत असेल, मोठा माणूस खिडकीकडे पाहू शकत नसेल, तर आजार वरच्या अस्तरापुरता नाही, असे समजावे.

चौथा प्रश्न: डोळ्यात काही गेले किंवा लागले आहे का? कुसळ, काटकी, लोखंडाचा कण, चुना, खत, चीक, फटाका यांपैकी काहीही.

पाचवा प्रश्न: एक डोळा की दोन्ही? एकाच डोळ्याची लाली, आणि तीही दोन-तीन दिवसांनंतर तशीच राहिलेली, अधिक संशयास्पद मानावी.

प्रश्नांनंतर पाहणी. समोरून दिसणाऱ्या काळ्या भागाला आपण बुबुळ म्हणतो. त्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक पटल असते. शास्त्रीय परिभाषेत त्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच त्यातून प्रकाश आत जातो. ते काचेसारखे चकचकीत आहे की धुरकट, त्यावर पांढरा ठिपका आहे काय, हे निरखून पाहावे. मधली बाहुली दोन्ही डोळ्यांत सारखी व गोल आहे काय, हे पाहावे. मग लाली कोठे आहे ते पाहावे. पापण्यांकडे व कोपऱ्यांकडे लाली अधिक आणि बुबुळाजवळ कमी असेल, तर बहुधा वरच्या अस्तराची सूज असते. उलट, बुबुळाभोवती कडे घातल्यासारखी लाली असेल, तर आजार आतला किंवा पटलाचा असण्याचा संभव मोठा. मात्र तपासताना डोळा दाबू नये, आणि डोळा फुटल्याचा संशय असल्यास पापणीही उघडू नये.

थांबता येण्यासारखे लाल डोळे

साथीचे डोळे येणे मी सांगितलेच. पिवळी, दाट चिपडे आली तर ती जंतूंमुळे असू शकतात. त्यावर आरोग्य केंद्रातून मिळालेले प्रतिजैविक थेंब पुरतात.

खोकल्याची उबळ, जड ओझे किंवा शौचास जोर करणे यामुळे पांढऱ्या भागावर एकाएकी रक्ताचा गडद डाग उमटतो. घरची मंडळी घाबरून जातात. परंतु दुखत नसेल व दिसत नीट असेल, तर दोन-तीन आठवड्यांत तो आपोआप विरतो. चाळिशी उलटलेल्यांनी त्या निमित्ताने रक्तदाब मात्र मोजून घ्यावा. डोळ्यास मार लागून असा डाग आला असेल, तर डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे.

रांजणवाडी गरम पाण्याच्या शेकाने बहुधा बसते. उन्हात व खाऱ्या वाऱ्यात काम करणाऱ्या मच्छीमार बांधवांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढते, तेही अधूनमधून लाल होते. ते बुबुळावर सरकू लागले तर दाखवावे. शाळकरी मुलांत, विशेषतः मुलग्यांत, दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास डोळे खाजून लाल होतात. हे वावडे आहे, ते एकाचे दुसऱ्याला होत नाही. अशा मुलाला वर्गाबाहेर बसविण्याचे कारण नाही. त्याला डोळे चोळण्यापासून परावृत्त करणे आणि डॉक्टरांकडे पाठविणे एवढे शिक्षकांनी करावे.

जुन्या पिढीला खुपऱ्या हा आजार आठवत असेल. वर्षानुवर्षे लाल राहणारे डोळे, आत वळलेल्या पापण्या आणि शेवटी अंधत्व, अशी त्याची परंपरा होती. शासनाने १९६३ पासून त्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम चालविली. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. स्वच्छ पाणी, धुतलेले चेहरे आणि वेळेवर औषध यांनी केवढे काम होते, त्याचे हे उदाहरण.

धावण्यासारखे लाल डोळे

आता त्या एका वेळेकडे येऊ.

सरदी असो वा वायंगणी, भात कापताना, झोडताना, पाखडताना डोळ्यात कुसळ जाते. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळावरून आपण म्हण वापरतो, परंतु स्वतःच्या डोळ्यात गेलेल्या कुसळाची आपण फारशी पर्वा करीत नाही. चोळतो, पदराच्या टोकाने काढतो, कोणी जिभेने काढून देणारी म्हातारी असेल तर तिच्याकडे जातो आणि पुन्हा कामाला लागतो. कुसळ निघते, पण स्वच्छमंडलावर बारीक ओरखडा राहतो. वनस्पतीच्या कणाबरोबर बुरशी आत गेलेली असू शकते, आणि पदरातले किंवा तोंडातले जंतू त्यात भर घालतात. पहिले दोन दिवस डोळा थोडा लाल असतो. घरचे म्हणतात, डोळे आले. चौथ्या-पाचव्या दिवशी पटलावर पांढरा ठिपका दिसू लागतो. ही जखम चिघळली म्हणजे पटल विरघळू लागते, कधी फुटते. बरी झाली तरी मागे पांढरा व्रण ठेवून जाते. यालाच आपण फूल पडणे म्हणतो. एकदा पडलेले फूल थेंबांनी जात नाही. दृष्टी परत मिळवायची तर कोणा दात्याचे नेत्रपटल बसवावे लागते, आणि बुरशीने ग्रासलेल्या डोळ्यात ती शस्त्रक्रियाही नेहमी यशस्वी होत नाही.

हे टळते काय? निश्चित टळते. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात यासंबंधी एक मोठा प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध झाला. गावातीलच कार्यकर्त्यांना डोळ्यावरचा ओरखडा रंगद्रव्याच्या साहाय्याने ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. ओरखडा आढळल्यास ते तीन दिवस, दिवसातून तीन वेळा प्रतिजैविक मलम घालीत. असे ४४२ रुग्ण आले. त्यांपैकी दुखापतीनंतर १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकाचीही जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांची चिघळली. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांची चिघळली. औषध तेच, माणसेही त्याच भागातली. फरक पडला तो केवळ तासांचा.

म्हणून माझे शेतकरी बंधु-भगिनींना सांगणे आहे: सकाळी कुसळ लागले तर त्याच दिवशी, आणि संध्याकाळी लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मळणी एक दिवस थांबली तर नुकसान भरून निघते.

दुसरा धोका काचबिंदूच्या तीव्र झटक्याचा. हा बहुधा चाळिशी-पन्नाशीपुढील माणसांना, स्त्रियांना अधिक, आणि पुष्कळदा संध्याकाळनंतर येतो. एका बाजूचे डोके असह्य दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, डोळा लाल व दगडासारखा कठीण होतो, बाहुली मोठी होऊन स्थिर राहते. उलटी व डोकेदुखी पाहून घरची मंडळी "पित्त झाले" असे म्हणतात आणि आल्याचा रस देतात. डोळ्यातील दाब वाढलेला असताना एक रात्र गमावणे म्हणजे दृष्टी गमावणे ठरू शकते. डोकेदुखी आणि उलटी यांबरोबर एक डोळा लाल असेल, तर पित्ताचा विचार नंतर करावा.

तिसरा आजार बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या सुजेचा. यात चिपडे येत नाहीत. उजेड सोसत नाही, डोळा ठणकतो, बाहुली लहान व वेडीवाकडी होते. काही तरुणांत याच्या जोडीला सकाळी पाठ आखडण्याचा त्रास असतो, तो डॉक्टरांना अवश्य सांगावा. उपचारास उशीर झाला तर पडदा आतल्या भिंगाला चिकटतो.

याखेरीज पुढील प्रसंगी क्षणाचाही विचार करू नये. कपाळावर व नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली आणि डोळा लाल झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा अंधुक झाला. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला. त्याने लेन्स ताबडतोब काढावी आणि डॉक्टरांकडे बरोबर न्यावी. हातोडा व छिन्नीचे काम करताना काही उडाले. आणि नवजात बालकाचे डोळे पहिल्या महिन्यात सुजून त्यांतून पू येऊ लागला. १८८१ साली लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत औषधी थेंब घालून त्यांना अंधत्वापासून वाचविण्याची रीत प्रसिद्ध केली, इतका हा धोका जुना आहे. अशा बाळाच्या डोळ्यात काजळ किंवा आईचे दूध घालीत बसू नये.

चुना व चीक

एका बाबतीत मात्र दवाखान्याकडे धावण्यापूर्वी घरीच काम करावयाचे आहे. चुना, सिमेंट, बॅटरीतील आम्ल, खत किंवा जंतुनाशक डोळ्यात गेले तर जागच्या जागी स्वच्छ पाण्याने डोळा धुवावयास सुरुवात करावी. पापण्या उघड्या धरून तांब्याने किंवा नळाखाली निदान अर्धा तास धार सोडावी. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू पिळण्यासारखे अघोरी उपाय करू नयेत. चुन्याचे कण पापणीखाली अडकतात व जाळत राहतात, म्हणून धुतल्यानंतरही डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हाती कदापि देऊ नये. ती दाबताच चुना थेट डोळ्यात उडतो.

रुईच्या चिकाचे वेगळेच आहे. मारुतीला वाहण्यासाठी रुईची पाने-फुले तोडताना चीक डोळ्यात उडतो. पुष्कळदा दुखत नाही, केवळ धुके आल्यासारखे अंधुक दिसते. दुखत नाही म्हणून घरी राहणे येथे चुकीचे ठरते. वेळेवर उपचार मिळाल्यास असे बहुतेक डोळे पूर्ववत होतात.

सर्वांत मोठा शत्रू

मी आता ज्याविषयी बोलणार आहे, तो शत्रू आपल्याच फडताळात असतो: कधीतरी कोणासाठी तरी आणलेली थेंबांची अर्धी बाटली. काही थेंबांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टिरॉइड औषधे असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती अमोल आहेत. आताच सांगितलेल्या पडद्याच्या सुजेत तीच दृष्टी वाचवितात. परंतु कुसळाने झालेल्या बुरशीच्या जखमेवर ती पडली, तर लाली ओसरते, रुग्णाला बरे वाटते आणि आत बुरशी निर्वेध वाढते. विषाणूच्या जखमेतही असेच घडते. वावड्यासाठी मुले महिनोन्महिने असे थेंब घालीत राहिली तर काचबिंदू होतो आणि तो कळतही नाही. लाली गेली म्हणजे रोग गेला, हे समीकरण म्हणूनच धोक्याचे आहे.

औषध विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, चिठ्ठीवाचून असे थेंब देऊ नयेत. ग्रामस्थांनी उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी आणि एकाचे औषध दुसऱ्याने वापरू नये. मध, तूप, तुळशीचा रस, कोथिंबिरीचे पाणी, गोमूत्र यांपैकी काहीही लाल डोळ्यात घालू नये. या पदार्थांबद्दल अनादर नाही, पण ते निर्जंतुक नसतात.

कोणी काय करावे

शिक्षकांनी वर्गातील प्रत्येक लाल डोळ्याच्या मुलाची एकेक डोळा झाकून परीक्षा घ्यावी. साथीचे डोळे असलेल्या मुलाला पाणी वाहणे थांबेपर्यंत घरी राहू द्यावे व हजेरीसाठी अडवू नये. चार दिवसांनंतरही ज्याचा डोळा लाल आहे, त्याच्या पालकांना निरोप पाठवावा.

पंचायतीने कापणीच्या हंगामापूर्वी आरोग्य केंद्राशी बोलून डोळ्याच्या दुखापतीसाठी मलम व तपासणीची रंगद्रव्याची पट्टी उपलब्ध आहे, याची खात्री करून घ्यावी. मळणी यंत्रावर, वेल्डिंगवर, दगडखाणीत काम करणाऱ्यांना संरक्षक चष्मे मिळतात की नाही, हे पाहणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या तालुक्यांतील आडगावांतून म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय, अथवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावयाचे तर गरिबाचा दिवस मोडतो, मजुरी बुडते. "चार दिवस पाहू" असे तो म्हणतो ते पुष्कळदा अज्ञानाने नव्हे, अडचणीने. त्याला वाहन आणि सोबत मिळवून देणे हेही नेत्ररक्षणच आहे.

शेवटी, जे लक्षात ठेवावयाचे ते थोडक्यात सांगतो. दिसते नीट, दुखत नाही, उजेड सोसतो, काही लागलेले नाही आणि पटल स्वच्छ आहे, तर स्वच्छता पाळून तीन-चार दिवस थांबावे. यांतील एकही गोष्ट बिघडली असेल, तर त्याच दिवशी निघावे. आपण डोळ्यांत तेल घालून शेताची राखण करतो. तेवढीच राखण त्या डोळ्यांचीही करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.